शंभर शब्दांत

बुसैतीन, १२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील हे मला ठाऊक आहे. फाड, पण आधी वाच. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस त्याला अकरा महिने होतील. फोन लावला तर रिंग पूर्ण वाजते आणि तू घेत नाहीस. म्हणून शेवटी कागदावर आले. आमच्या खालच्या मजल्यावरचे फारुखभाई उद्या रजेवर रत्नागिरीला निघालेत, त्यांच्या बॅगेत हे घातलंय. ते तुला शाळेत आणून देतील. शाळेत मुद्दाम सांगितलं. घरी आले असते तर तू दारातूनच परत पाठवलं असतंस. स्टाफरूममध्ये चार बायकांसमोर तुला तसं करता येणार नाही. बघ, तुझीच बहीण आहे.

आई गेली तेव्हा मी पाचव्या दिवशी पोचले. व्हिसा रिन्यूअलला पासपोर्ट अडकला होता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तू म्हणालीस, "ज्याला यायचं असतं तो येतो." त्यावर मी जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे आईसुद्धा म्हणायची.

सांगायचं हे की मला एक ट्यूशन मिळालीय. हसू नकोस. इथे जवळच अमवाजला एका चिनी मुलीला इंग्रजी शिकवते. जियायी नाव, पंधराची आहे, चष्मा, टेबलावर सारख्या उंचीच्या तीन पेन्सिली. जूनमध्ये तिला चीनला जाऊन दहावीच्या प्रवेशाची परीक्षा द्यायचीय, त्यात इंग्रजीचा मोठा पेपर. गाळलेल्या जागा, उतारा वाचून प्रश्न आणि शंभर शब्दांत निबंध. शंभर म्हणजे शंभर. लिहून झालं की प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने टिंब देत मोजते. रोज तीस नवे शब्द पाठ. तू मला पडवीत बसवून इंग्रजी घोटून घ्यायचीस, ते सगळं आता कामाला येतंय.

तिचा बाप, मिस्टर शू, सौदीतल्या एका साइटवर इंजिनीअर. रविवारी पहाटे समुद्रावरचा पूल ओलांडून तिकडे जातो, बुधवारी रात्री येतो. आई तिकडे चीनमध्ये, सासू अंथरुणाला खिळलीय म्हणून. मधले चार दिवस पोर एकटी. शाळेची बस दोनला सोडते, कुलूप उघडते, आपलं आपण गरम करून खाते. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "आय अ‍ॅम यूज्ड टु इट." वाक्य बरोबर होतं म्हणून मी पुढे गेले.

भीती मलाच वाटते. मी इथे संदेशची बायको म्हणून फॅमिली व्हिसावर आहे, काम करायची परवानगी नाही, लायसन्स नसताना शिकवायची तर मुळीच नाही. त्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार उघडलं की आत कुणी साहेब उभा असेल आणि आयडी कार्ड मागेल असं वाटतं. संदेश म्हणतो, एसी कंपनीत आठ वर्षं नोकरी करून सुपरवायझर झालोय, तुझ्यापायी सगळं घालवू नकोस. पण घरात बसून भिंती तरी किती बघायच्या? ही ट्यूशन गौरवने मिळवून दिली. तो लांज्याचा, त्याच बिल्डिंगमध्ये मेंटेनन्सला आहे. मला वहिनी म्हणतो. आपला माणूस असला की बरं असतं.

शिकवायला सर्टिफिकेट लागत नाही का, असं तू विचारशील. त्याचं जमवलंय. ते पुन्हा कधीतरी.

मनाली


२० जानेवारी

ताई,

फारुखभाईंचा फोन आला. पत्र तू घेतलंस, पर्समध्ये टाकलंस आणि चहासुद्धा न विचारता वर्गावर गेलीस. घेतलंस हे काय कमी आहे.

काल माझी जी शोभा झाली ती ऐक. जियायीला निबंध दिला होता, "न विसरता येणारा दिवस". तिने लिहिलं की आई वारली. हॉस्पिटलच्या दारात ती पावसात भिजत उभी होती, आईने शेवटच्या श्वासाला तिचा हात धरला आणि म्हणाली, शिकून मोठी हो. ताई, मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. मला आपली आई दिसली, आणि मी नव्हते ती खोली दिसली. बाप बायकोच्या मरणाची गोष्ट लपवतोय आणि पोर एकटी कुढतेय, असं वाटून मी बाहेर जिन्यात आले आणि त्याला सौदीत फोन लावला. म्हटलं, सर, मुलीला आईचं दुःख आहे, तुम्ही तिच्याजवळ राहायला हवं.

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, माझ्या बायकोशी मी आत्ताच बोललो, ती बाजारात मासे घेतेय.

झालं असं की तिच्याकडे असे शंभरेक नमुन्याचे निबंध पाठ आहेत. मेलेली आई, आंधळे आजोबा, हरवलेलं पाकीट परत देणारा मुलगा. त्यांच्याकडे सगळेच पाठ करतात म्हणे. परीक्षेत जो विषय येईल त्याला जवळचा लावायचा. तिने अगदी शांतपणे समजावलं, "टीचर, इट इज नॉट ट्रू. इट इज गुड." बापाने मात्र सुनावलं, "फक्त इंग्रजी शिकवा, मिस पूर्णिमा."

आता वाचलंस ना तुझं नाव? मग सांगूनच टाकते. तेराव्याच्या दिवशी तू आचाऱ्याचा हिशेब करत होतीस, तेव्हा मी तुझ्या कपाटातली फाईल उघडून बी.ए. आणि बी.एड.च्या सर्टिफिकेटचे मोबाइलवर फोटो काढले. गौरवने इथून निघतानाच सांगितलं होतं, वहिनी, डिग्रीचा कागद आणा, बाकी मी बघतो. सुचलं त्याला, पण हात माझे. आईचं तेरावं होतं त्या दिवशी मी हे केलं. तू रागावून बोलणं सोडलंस तेव्हा तुला हे माहीतसुद्धा नव्हतं, म्हणजे तुझा राग अजून अर्धाच आहे.

त्या घरात मी पूर्णिमा आहे. तिच्या वहीत रोज तपासून खाली सही करते तीसुद्धा पूर्णिमा. शिंची सही आधी फसायची, पण आता तुझ्यासारखी जमायला लागलीय.

आता कुणी गावी जाणारं नाही, पत्र उशीखाली ठेवते.

मनाली


३० जानेवारी

ताई,

हेसुद्धा उशीखाली जाणार. तरी लिहिते, कुणाशी बोलू?

आज गौरव लिफ्टपाशी भेटला. आधी गोड बोलला, मग हळूच म्हणाला, "काय पूर्णिमाबाई, कसं चाललंय?" आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. मागे एकदा त्याने विचारलं होतं, साहेब कधी असतात घरी, एसीची सर्व्हिस करायचीय. मी सांगितलं होतं रविवार ते बुधवार नसतात. आज पुन्हा विचारलं, तुमचे वार कोणते? रविवार, मंगळवार, गुरुवार, तीन ते पाच, असं सांगून मी सटकले. झाकली मूठ आहे, ती त्याच्या हातात आहे, म्हणून त्याच्याशी चार शब्द गोडच बोलावे लागतात.

जियायीचे नमुने अजून चालूच आहेत. आजचा विषय "घरातली एक दुपार". हिला भुताखेतांचे निबंधसुद्धा पाठ आहेत बघ. एक मुलगी घरी एकटी. दुपारी एक माणूस येतो. बेल मारत नाही. दाराची मूठ हळूहळू खाली दाबतो, मग सोडतो, मग पुन्हा दाबतो. मुलगी दाराला खुर्ची लावते. तो बाहेरून तिचं नाव घेतो. वडील कोणत्या दिवशी येणार ते त्याला ठाऊक आहे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण एकदा हसं करून घेतलंय, पुन्हा बापाला फोन करायला मी काही वेडी नाही. शिवाय व्याकरणाचा नुसता सत्यानाश केला होता, काळ बदललेले, क्रियापदं गायब, स्पेलिंगची वाट लावलेली. बसून एकेक ओळ दुरुस्त केली. एकशे अठरा शब्द झाले होते, म्हटलं अठरा कमी कर. दहापैकी आठ दिले आणि "कल्पना छान" असं लिहिलं.

वही घेताना ती माझ्याकडे बघत राहिली. आठ कमी वाटले असतील.

मनाली


१० फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

माझं अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. जियायी आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलीय. संदेशने टीव्ही लावून दिलाय, ती बघत नाहीये. बापाला फोन केलाय, तो पुलावर रांगेत आहे. तो येईपर्यंत हातांना काही काम हवं म्हणून लिहितेय.

काल रविवार, पण गाडी पासिंगला गेली होती म्हणून मी ट्यूशनला गेले नाही. घरी बसून तपासायला आणलेल्या तिच्या वह्या चाळल्या. मेलेल्या आईचा निबंध काढला, माझा लाल पेन त्याला कुठेच लागलेला नव्हता. आंधळे आजोबा, तिथेही नाही. पाकीटवाला मुलगा, एकसुद्धा चूक नाही. असणार कशी, पाठ केलेल्या निबंधात चुका नसतात गो. छापलेलं जसंच्या तसं उतरवलेलं असतं. आणि मग तो दाराच्या मुठीचा. लालच लाल. तो तिने पाठ केलेला नव्हता. तो तिने स्वतः लिहिला होता, घाईत, तिच्याजवळ होते तेवढ्या शब्दांत. आणि मी चुका दुरुस्त करत बसले.

तेव्हाच जायला हवं होतं. गेले नाही. मनाला म्हटलं, उद्या सोमवारी बदली तास घेऊ, तेव्हा हळूच विचारू. आणखी एक रात्र तिला एकटी ठेवली. का, तर विचारलं आणि ते खरं निघालं, तर मला कुणाला तरी सांगावं लागेल, आणि सांगणारीचं नाव काय हा प्रश्न येईल.

आज तीनला गेले. बूट आत काढले, तिनेच आत घ्यायला लावले. मी आत येताच तिने बुटांचं कपाट पुन्हा दाराला सरकवलं, ते असं दाराशी मी याआधी दोनदा पाहिलंय. तिने उतारा काढला, मी प्रश्न विचारायला लागले. खऱ्याला हात घालायचा धीर होईना, म्हणून उताऱ्याचेच प्रश्न विचारत राहिले. एका म्हाताऱ्या कोळ्याचा उतारा होता.

सव्वातीनला दाराची मूठ खाली गेली.

आवाज नाही, काही नाही. नुसती खाली गेली, थांबली, वर आली. जियायीने मान वर केली नाही. पेन्सिल ठेवली आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तिला सवय होती, ताई. मूठ पुन्हा खाली गेली. मग बाहेरून आवाज आला, अगदी मऊ, "जिया बेबी, एसी चेक. ओपन." आणि कुलपात किल्ली फिरायला लागली.

तो आवाज मला वहिनी म्हणणारा होता.

माझी पाचावर धारण बसली. दार दोन बोटं उघडलं, कपाटाला लागून अडलं. पलीकडून तो ढकलत होता. इंग्रजी एवढं शिकवते, एक शब्द आठवला नाही. मी आपल्या मराठीत म्हटलं, "गौरव."

एवढंच. ढकलणं थांबलं. दार हळूच ओढून घेतल्याचं ऐकू आलं, मग पावलं. सोमवारी मी नसते हे मीच त्याला सांगितलं होतं. बाप कोणत्या दिवशी नसतो, तेही मीच.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. "वहिनी, एसीचं काम होतं. भलतंसलतं समजू नका. नाहीतर पूर्णिमाबाईंचं पण बाहेर निघेल, संदेशभाऊंची नोकरी जाईल, तुम्ही शहाण्या आहात." मी फोन कापला. जियायीचे कपडे पिशवीत भरले, तिचा हात धरला, जिन्याने उतरले आणि टॅक्सीने इकडे आले. बारा मजले. प्रत्येक वळणावर वाटत होतं तो खाली उभा असेल.

संदेशला सांगितलं. तो आधी पांढराफटक पडला. मग म्हणाला, "खलास. बापाला सांग कुलूप बदल म्हणून, ट्यूशन सोड, आणि पोलिसांचं नाव काढू नकोस." मी त्याला दोष देत नाही. मलाही अर्धा तास तेच पटत होतं. कुलूप बदललं की ही वाचली आणि आपणही वाचलो. मग मी तिला वरणभात वाढला. ती दोन घास खाऊन म्हणाली, "टीचर, आय थॉट यू डिड नॉट रीड."

मागच्या पत्रात एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. त्या वेळी ती लपवण्यासारखी आहे हेही मला नीट कळलं नव्हतं. अठरा शब्द कमी कर असं मी नुसतं म्हटलं नव्हतं. कुठले कमी करायचे ते मीच खोडून दिलं होतं. शेवटची दोन वाक्यं. त्यांत लिहिलं होतं, टीचर, तुम्ही माझे वडील येईपर्यंत थांबाल का, मी कुणाला सांगू मला माहीत नाही. त्यांच्यावर लाल रेघ मारून मी बाजूला लिहिलं, "विषयाला सोडून".

खाली बेल वाजली. बाप आला.


१४ फेब्रुवारी

ताई,

सगळं थोडक्यात सांगते, कारण ही चारही पत्रं आज निघायला हवीत. फारुखभाईंचा मेव्हणा संध्याकाळच्या विमानाने जातोय.

मिस्टर शू आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर थांबता आलं नाही. गौरवचं सांगितलं, त्याला वार मीच सांगितले तेही सांगितलं. त्यांनी मुलीला चिनीत काहीतरी विचारलं. ती बराच वेळ बोलली. तिच्या तोंडून एका वेळी एवढे शब्द मी कधी ऐकले नव्हते. मग ते उठले आणि म्हणाले, पोलीस. संदेश दारात उभा होता. मला वाटलं अडवेल. त्याने गाडीची किल्ली घेतली.

ठाण्यात एक बाई ऑफिसर होती, हिंदी समजणारा एक माणूस बसवला होता. गौरव दुसऱ्या दिवशी सापडला. एसीचं काम होतं असं म्हणाला. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात तो एका महिन्यात सात वेळा दिसला, एकदाही हातात पाना नाही. जियायीला त्याने हात लावलेला नाही. ते कपाट मधे नसतं तर त्या सोमवारी लावला असता. कपाट तिने एकटीने सरकवलं होतं, मी नव्हे.

पुरावा म्हणून वही घेतली. ऑफिसरबाईंनी ते पान माझ्यापुढे धरलं. खाली तारीख, तीस जानेवारी. तुम्ही हे त्या दिवशी वाचलं? हो. पूर्ण? हो. मग आज अकरा दिवसांनी आलात? हो. मिस्टर शू शेजारी बसले होते. त्यांनी ते लाल आठ पाहिले, ती रेघ पाहिली आणि मान वळवली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग ऑफिसरबाईंनी सहीवर बोट ठेवलं. ही तुमची सही? तुमच्या आयडी कार्डावर तर दुसरं नाव आहे.

ताई, खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की घरी पूर्णिमा म्हणतात असं सांगावं. लाडाचं नाव. पटलंही असतं. शेजारी ती पोर बसली होती, पाठ ताठ करून, विचारतील त्याचं खरं उत्तर देत. मी म्हटलं, ही माझ्या बहिणीची सही आहे, मी करते. सर्टिफिकेट तिचं आहे, मी चोरलं. तिला माहीत नाही.

आता त्या सहीची वेगळी केस. व्हिसाचं काय होणार ठाऊक नाही, मला परत पाठवतील असं संदेशच्या ओळखीचा वकील म्हणतो. संदेशला कंपनीने बोलावलंय, नोकरी जाते की राहते ते रविवारी कळेल. जियायीची आई आलीय, तिला घेऊन जाणार आहे. काल जियायीने मेसेज पाठवला, परीक्षेचा अभ्यास आता तिकडेच करीन म्हणून. मी उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. काय लिहू? माफी मागितली. तिचं उत्तर आलेलं नाही, आणि ते यायलाच हवं असं नाही.

तुला फोन येईल, ताई. इथून किंवा तुझ्या शाळेतून, हा कागद तुमचा का म्हणून. मला पोलिसांची भीती वाटते, विमानतळाची वाटते, संदेशच्या रविवारची वाटते. पण सगळ्यात जास्त वाटते ती याची, की तू मला वाचवशील. लहानपणी मी पाटी फोडली की तूच सांगायचीस, मी फोडली. बोलत नसलीस तरी फोनवर म्हणशील, हो, मीच दिलं होतं तिला सर्टिफिकेट, आणि तुझी वीस वर्षांची नोकरी माझ्यापायी घालवशील. तसं करू नकोस. मी तुला हात जोडते.

त्यांना सांग, मला माहीत नव्हतं. ते खरंच आहे. माझी बहीण आईच्या तेराव्याला आली आणि कपाटातून चोरून घेऊन गेली. चोरून, हाच शब्द वापर. आणि त्यांनी विचारलं की बाई कशी आहे, विश्वासाची आहे का, तर तेही जे खरं असेल ते सांग.

मनाली